शेंदराचा सदरा

१४ जानेवारी १९७४, सोमवार

पत्र नाही. मागच्या वहीत हेच दोन शब्द इतक्यांदा लिहिले आहेत की यंदापासून नुसती फुली मारायचं ठरवलं. पत्र आलं तर टिंब. आज फुली.

×

संक्रांतीची सुटी. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारी तीळ निवडायला गेल्या. घर माझं एकटीचं. पेटी उघडून कि.चा सदरा काढला. दसऱ्याला आला तेव्हा कारखान्यातून तसाच गाडीत बसला होता. जाताना सदरा मी ठेवून घेतला. मूळचा पांढरा, आता बाह्या, गळा, छाती सगळं शेंदरी. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "असा मळका कायले ठेवून राह्यली? टाक धुऊन." मी धुतला नाही. धुतला की त्याचा वास जाणार, मग पेटीत उरणार काय?

उशीवर पसरून त्यावर गाल टेकला. घाम, बिडी आणि मागे काहीतरी गोडसर. झटकला तर कवडशात लाल धूळ उडाली. तीही बघत बसले.

समोर अहो-जाहो, वहीत अरे-तुरे. नाव मात्र वहीतही अर्धंच लिहिते. पूर्ण लिहायला हात धजत नाही. मास्तरीण असून.

१९ जानेवारी, शनिवार

×

सकाळची शाळा. आमची शाळा फाट्यावरून गावात येणाऱ्या रस्त्यालाच लागून. बसमधून उतरलं की पहिल्यांदा तिची पांढरी भिंत दिसते, आणि भिंतीवर कि.च्या हातची ओळ: जेवणाआधी हात स्वच्छ धुवा. एवढी एक ओळ लिहायला आमच्या अकोल्याकडच्या मालेगावहून हा पेंटर आला आणि एका दिवसाचं काम त्याने तीन दिवस पुरवलं. पहिल्या दिवशी दोरी धरून नुसत्या रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी दोन शब्द. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "उरलेलं पुढच्या वर्षी का?" तर म्हणाला, "बाई, तुमी रोज इथंच असता ना?" त्याच साली लग्न झालं.

अक्षर काय होतं त्याचं. मालेगावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या. मग दुष्काळ पडला, पाट्या कोण रंगवणार. ब्रश पिशवीत घालून मुंबईला गेला. कुर्ल्याकडच्या एका कारखान्याच्या दारात सांगितलं, रंगाचं काम येतं. ते म्हणाले, आमच्याकडे रंगाचंच काम आहे. शिसं वितळवायचं, भट्टीत भाजायचं, लाल झालं की दळून चाळायचं. झाला शेंदूर. दीड वर्षात त्याने ब्रश हातात धरला नाही.

३१ जानेवारी, गुरुवार

●

दीड पान. कि.ची ओळ कधी हलत नसे, यावेळी सगळ्या ओळी उजवीकडे खाली घसरल्या आहेत. "म" ची मान मोडली आहे. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी पुन्हा लिहायला लावलं असतं. लिहितो, पोट अधूनमधून धरतं, बाकी बरं आहे. काम सुटताना मालक सगळ्यांना गुळाचा खडा देतो, त्याने धूळ पोटात राहत नाही म्हणतात. हात धुवायला पाणी नाही, पण गूळ आहे.

तुझी आठवण येते असं कुठेही लिहिलेलं नाही. शेवटी "माहा मोठा आरसा सांभाळून ठेव". आरशाला आठवण.

मी तरी कुठे लिहिलं. डिसेंबरात दुसऱ्यांदा पोट पडलं, तेही अजून कळवलेलं नाही. पत्रात कसं लिहू. समोर बसून, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून सांगायचं आहे.

१८ फेब्रुवारी, सोमवार

● पण कसलं!

पत्र कि.चं, अक्षर दुसऱ्याचं. गोल, टपोरं, सुबक. बाईचं अक्षर आहे हे. वीस वर्षांची झाल्यापासून वह्या तपासते आहे, मला कळतं. मजकूर: "प्रकृती ठीक. काळजी नसावी. तुमची फार आठवण येते."

फार आठवण येते! लग्नाला सहा वर्षं होत आली, हे वाक्य त्याने कधी लिहिलं नाही. आणि मला "तुमची"! तिने सुचवलं असणार, त्याने मान हलवली असणार. दोघं जवळजवळ बसले असणार.

आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनते किसन?" मी म्हटलं, "मजेत हायेत."

२० फेब्रुवारी, बुधवार

काल पत्र टाकलं. चारच ओळी. "ज्या बाईकडून पत्र लिहून घेता तिच्याच हातचं खा. इकडे यायची तसदी घेऊ नका. मी समर्थ आहे." अक्षर मुद्दाम चांगलं काढलं.

टाकल्यावर पेटीपाशी जरा उभी राहिले. पोस्टाच्या पेटीचं तोंड हात जाण्याएवढं नसतं.

५ मार्च, मंगळवार

×, आणि मागचे सगळे दिवस ×

मारुतीचे गुरव सोनाजी दारात. कि.ने दसऱ्याला आणलेल्या पुडीतला शेंदूर राहिला आहे का? मुंबईचा फार लाल निघतो, बाजारातला फिका पडतो म्हणे. मी पुडी दिली. त्यांनी हात पुढे करून घेतली. याच ओट्यावर त्यांना पाणी विचारलं होतं तेव्हा तहान नव्हती.

आत्याबाईंना हसू आवरेना. "छप्पन साली देव सोडले आपन, आन् यायच्या देवाले रंग माह्या लेकाचा."

मलाही हसू आलं. मग रागच आला, सगळ्यांचा. ज्याच्या लेकाचा रंग, तो लेक कुठे आहे?

३० मार्च, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी चंदू राठोड आला. पोहरादेवीजवळच्या तांड्यातला, कि.च्याच भट्टीवर काम करतो. रामनवमीच्या यात्रेला घरी निघाला, वाटेत उतरला. चेहरा मातीच्या रंगाचा. चहा अर्धा ठेवला, पोटात राहत नाही म्हणाला. मग बशी बाजूला सारून,

"बाई, तुमचं पत्र आलं त्या रोजी किसनभाऊ जेवला नाई. दुसऱ्या रोजीबी नाई."

मी म्हटलं, "मंग लिवून देनारीनं जेवू घालावं."

तो म्हणाला, "कोन, युनियनच्या डॉक्टरीण बाई? अवो, त्या माह्या मायच्या वयाच्या हायेत. जाड चष्मा. सगळ्या खोल्यायनं फिरतात, आमचे पत्रं लिवतात. किसनभाऊले लिवताच येत नाई आता."

"काहून?"

त्याने स्वतःचा उजवा हात पुढे केला आणि मनगटातून पंजा खाली सोडून दिला. "असा लोंबते. उचलाले जाते त उचलत नाई. शिसं भरलं हातात."

तसा हात घेऊन त्याने "तुमची फार आठवण येते" सांगितलं, आणि ते लिहायला दुसरीचा हात घ्यावा लागला. आणि मी काय लिहिलं.

राठोडने बाकीचंही सांगितलं. युनियनने अर्ज केला आहे: पाणी-साबण पाहिजे, कामाचे कपडे तिथेच ठेवायला पाहिजेत, आजारी माणसाला काढून न टाकता दुसरं काम द्यायला पाहिजे. म्हणून सरकारी डॉक्टर तपासायला येणार आहे. अंगात शिसं गेलं की हिरडीवर निळी रेघ उमटते, डॉक्टर तीच बघणार. पण याआधी मालकाच्या डॉक्टरला ज्याची रेघ दिसली, तो माणूस दुसऱ्या दिवशी दाराबाहेर. म्हणून सगळे तपासणीच्या सकाळी मिश्री घासतात, हिरड्या काळ्या करतात, रेघ झाकून जाते. माझा किसनही

(स्वतःहून पहिल्यांदाच पूर्ण लिहिलं. असू दे.)

किसनही घासणार आहे. डॉक्टरीण म्हणाल्या, आता भट्टी सोडली तर हात परत येईल, पावसाळा काढला तर सांगता येत नाही. राठोडने त्याला म्हटलं, दाखव तोंड आणि जा घरी. तर म्हणाला, "घरी कोन्या तोंडानं जाऊ? घरून त नको म्हनून पत्र आलं."

३१ मार्च, रविवार

पत्र लिहिलं. चार पानं. सगळं. माझा मूर्खपणा, डिसेंबरातलं, जानेवारी ७३ मधलं, सदरा, सगळं. शेवटी मोठ्या अक्षरात: तोंड उघडून दाखवा आणि घरी या. हाताचं आपण बघू. नाही आला हात तर मी लिहीन, तुम्ही सांगा.

पोस्टात टाकणार होते. आत्याबाई म्हणाल्या, "डाकेचं काय खरं? राठोड जाईनच ना चार दिसात. हाती दे. हातचं पत्र हातात पडते." पटलं. आमच्याकडे महत्त्वाचं ते हातीच देतात, लग्नाची पत्रिका असो की मयतीचा निरोप. राठोड रात्री गावातच थांबला होता, त्याची तांड्याकडची बस यायच्या आत पळत फाट्यावर गेले. राठोडने पाकीट कपाळाला लावून बंडीच्या आतल्या खिशात घातलं.

५ एप्रिलला निघणार म्हणाला. म्हणजे सातला पोचेल. चौदा-पंधराला उत्तर.

१४ एप्रिल, रविवार

×

जयंती. सकाळी मिरवणूक, संध्याकाळी भाषणं. मीही पाच मिनिटं बोलले, शिक्षणावर. कि. असता तर मंडपाच्या कापडावर अक्षरं त्याची असती. यंदा कापडावर लिहिलेलं दुरून वाचताच येत नव्हतं. सगळे जोडीने आले होते. मी आत्याबाईंशेजारी बसले आणि सारखी फाट्याकडे बघत होते. कुणी विचारलं तर उन्हाने डोळे झोंबतात म्हणायचं.

२० एप्रिल, शनिवार

● गोल टपोऱ्या अक्षरातलं, पण यावेळी माझ्या नावावर. डॉक्टरीण बाईंचं.

लिहितात, तपासणी १५ मेला ठरली. मालक म्हणणार, रोग कारखान्यातला नाही, यांच्या घरच्या दारू-गरिबीचा आहे. म्हणून गावाकडच्या बायकांचे जबाब हवेत. तुम्ही शिक्षिका आहात, आसपासच्या घरी जाऊन लिहून आणाल का? नवरा घरी येतो तेव्हा कामाचे कपडे बरोबर येतात का, ते कोण धुतं, कुठे धुतं, घरात कुणाला काय त्रास. विलायतेत पूर्वी भांडी रंगवणाऱ्या बाया याच शिशाने गेल्या, तिथे लोकांनी असंच घरोघर लिहून घेतलं, सभा घेतल्या, तेव्हा कुठे कायदा हलला. आपल्याकडे कायदा कागदावर आहे, त्याला उठवायचं आहे. आणि खाली वेगळ्या शाईत: "तुमच्या घरी असे कपडे असतील तर झटकू नका, उशाशी ठेवू नका. ती धूळ बाईच्या पोटी मूल टिकू देत नाही असं आम्ही पुष्कळ घरी पाहिलं. प्रत्येक वेळी तेच कारण असतं असं नाही. पण जपा."

उशाशी.

पेटी उघडली नाही. पेटीकडे पाठ करून बसले. पहिल्या वेळी त्याचे कपडे मीच धुतले होते, दगडावर आपटून. दुसऱ्या वेळी धुतले नाहीत, कवटाळले. नक्की तसंच झालं का ते कोण सांगणार. पण मी त्याला जवळ घेत होते की...

कि.बद्दल बाई एवढंच लिहितात: "किसनराव हल्ली बोलत नाहीत." माझं पत्र पोचून तेरा दिवस झाले, तरी बोलत नाही. म्हणजे माफ केलं नाही.

२८ एप्रिल, रविवार

बसने तांड्याकडे गेले, राठोडच्या बायकोचा जबाब घ्यायला. तिथल्या फाट्यापासून दीड कोस चाल.

झोपडीच्या सावलीत बाजेवर राठोड पडलेला. पाय पोटाशी.

यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी पोटात शूळ उठला, तेव्हापासून इथेच. गेलाच नाही. बायकोने भिंतीवरच्या खुंटीवरून बंडी काढली, आतल्या खिशातून माझं पाकीट काढलं. घामाने शाई पसरलेली, पण बंद. राठोडच्या डोळ्यांना पाणी आलं. "हातचं पत्र होतं बाई, दुसऱ्याच्या हातात कसं देऊ? मीच जाईन म्हटलं, उद्या जाईन, उद्या जाईन."

त्याच्यावर काय रागवायचं. मीच तर हाती दिलं.

म्हणजे कि.ला अजूनही तेवढंच माहीत आहे: यायची तसदी घेऊ नका.

जबाब घेतले. चार घरं झाली. राठोडची बायको सांगत होती, मी तिच्याच शब्दांत लिहिलं: "कपडे वाहाळावर धुतो. पानी लाल होते. पयल्यांदा आमाले मजा वाटे, होळीवानी. त्याच पान्यानं कोंबड्या मेल्या दोन. याले म्हटलं, सोड थे काम. म्हनते, सोडून काय करू?" खाली अंगठा. शेजारणीला विचारलं, लेकरं किती. तिने बोटांनी तीन दाखवली, मग दोन बोटं मिटली. मी तेही लिहिलं. लिहिताना माझं स्वतःचं नाव पाचव्या कागदावर घातलं. विमल किसन, शिक्षिका. दोनदा पोट पडलं. कपडे उशाशी ठेवत असे. सही केली. असं लिहून झाल्यावर उलट जरा मोकळं वाटलं.

२ मे, गुरुवार

मालेगावला जाऊन दोन्ही पाकिटं रजिस्टर केली. जबाब डॉक्टरीण बाईंना, पत्र कि.ला. नवं लिहायला धीर नव्हता, तेच घातलं, शाई पसरलेलं. वर एक कपटा: "हे मार्चातलं. राठोड आजारी. माझा राग नव्हता, मत्सर होता. तोंड दाखवा. घरी या."

पोस्टमास्तर म्हणाले, पाच-सहा दिवसांत मिळेल. मी बोटं मोजली. आठला मिळालं तरी पंधराच्या आत सात दिवस.

सुट्या लागल्या. शाळा चुन्याने पांढरी करायचं चाललं आहे. शिपायाला म्हटलं, समोरच्या भिंतीवरच्या ओळीला कुंचला लावायचा नाही. "बाई, अर्धी पुसली हाय, नवीन लिवू की." म्हटलं, लिहिणारा येतो आहे. पुन्हा म्हटलं, स्वतःलाही खरं वाटावं म्हणून.

६ मे, सोमवार

बुद्धजयंती. खीर केली. आत्याबाईंनी एक वाटी झाकून ठेवली, रोजच्यासारखी विसरून नव्हे, मुद्दाम. "येईन त खाईन," म्हणाल्या. त्यांना मी अजून हाताचं सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलेलं नाही. पण आज वंदनेला बसल्या तेव्हा आपलं उजवं मनगट डाव्या हाताने दाबत होत्या. राठोड आला त्या दिवशी त्या चुलीपाशीच होत्या.

त्याच्याशिवायची दुसरी बुद्धपौर्णिमा. सुटीचा दिवस असला की जास्त जाणवतं. शाळेत निदान पाढे म्हणवून घेता येतात.

८ मे, बुधवार

रेल्वेचा संप. गाड्या बंद.

९ मे, गुरुवार

मालेगावला गेले. पोस्टमास्तरांनी माझी पावती हातात घेऊन उलटसुलट केली. अकोल्याला थैल्या पडून आहेत म्हणतात. मी विचारलं, माझं पत्र पुढे गेलं की त्या थैल्यांत आहे? "ते कसं सांगू बाई." संप बरोबर असेल, त्यांनाही मागायचं आहेच काहीतरी. कि.ची युनियन तरी दुसरं काय करते आहे. मला सगळं कळतं. तरी परत येताना बसमध्ये डोळ्यांतून पाणी थांबेना. शेजारच्या बाईने विचारलं, "कोनी गेलं काय व?" मी म्हटलं, "नाई. येनार आहे."

अकोल्याहून मुंबईला पायी किती दिवस लागतील, मनात हिशेब करत होते. भूगोल शिकवते म्हणून काय झालं.

१२ मे, रविवार

×

सोनाजी गुरव पुन्हा. शेंदूर संपला. मी सांगितलं, त्यात शिसं असतं, हाताला लागलं तर धुऊन जेवत जा.

"देवाले लावतो बाई, खातो थोडाच."

"हात त तोच ना?"

हसले आणि हातांकडे बघत गेले. ओट्यावरून उतरताना धोतराला पुसले.

१५ मे, बुधवार

आज तपासणी. एव्हाना तो रांगेत उभा असेल. सकाळी मिश्री घासली असेल किंवा नसेल. "तोंड उघडा" म्हटल्यावर उघडलं असेल. "दोन्ही हात पुढे करा." डावा सरळ, उजवा... मी अंगणात उभी राहून माझे दोन्ही हात पुढे केले. आत्याबाई बघत होत्या. त्याही माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

त्याचा मोठा आरसा काढला, स्वतःची हिरडी बघितली. काही दिसत नाही. आरसा सांभाळून ठेव म्हणाला होता तो. आता कळतं, त्याने जाताना दारात उभं राहून इतका वेळ त्यात काय बघितलं होतं. मला वाटलं, भांग पाडतो आहे.

दहा वाजता सदरा धुतला. बाईंनी लिहिल्याप्रमाणे न झटकता भिजवला, तोही विहिरीपासून लांब, परसाच्या टोकाला. पहिलं पाणी भगवं, दुसरं केशरी, तिसरं फिकं, चौथं गढूळ. सगळं खड्ड्यात ओतून माती लोटली. दोरीवर घातला. वाळल्यावर नाकाशी धरला. साबणाचा वास. कुणाचाही सदरा असू शकतो आता. मी तिथेच परसात बसून रडले, मोठ्याने. रडू दिलं आत्याबाईंनी.

त्याला जपून ठेवायचं म्हणून मी विष जपत होते.

२१ मे, मंगळवार

×. ही फुली खरं तर धरायची नाही. डाकच येत नाही.

माझ्या मनात एक वाईट आहे, ते इथे तरी लिहिते. तो आजारी पडला म्हणून घरी येणार. हात धड असता तर आणखी पाच वर्षं तिकडेच राहिला असता. म्हणजे मी वाट कशाची बघते आहे? हात धड राहावा ही इच्छा खरी की तो घरी यावा ही? दोन्ही एकदम मागायची सोय नाही. असती तरी कुणाकडे मागणार, मागण्यासारखं आम्ही कुणी ठेवलेलं नाही.

२८ मे, मंगळवार

संप मिटला. गाड्या सुरू होत आहेत. फाट्यावर जाऊन आले. उगाच.

१ जून, शनिवार

●

पोस्टकार्ड. पहिल्यांदा वाटलं पहिलीच्या वर्गातलं कुणाचं आहे. अक्षरं सुपाएवढी, एक डोंगरावर एक दरीत, काही उलटी झुकलेली. वर तारीख ६ मे. म्हणजे माझं पत्र मिळायच्या आधीचं. इतके दिवस कुठल्याशा थैलीत पडून होतं. उतरवून घेते, कार्ड हाताळून पुसेल:

"विमल, डाव्या हातानं लिहितो आहे. हसू नको. तू येऊ नका म्हणालीस. मी तरी येणार. पंधराला तोंड उघडून दाखवणार, मिश्री सोडली. मी दाखवलं तर बाकीचेही दाखवतील म्हणतात. काढून टाकलं तर टाकलं. गाडी मिळेल तेव्हा निघेन. घरात घ्यायचं की फाट्यावरून परत पाठवायचं ते तू ठरव. किसन."

एवढंच. जागा संपली.

मी किती पाढे, किती कित्ते तपासले असतील. इतकं सुंदर अक्षर

दाखवलं का? पंधरा तारीख जाऊन सतरा दिवस झाले. माझं रजिस्टर मिळालं का? निघाला का? कारखान्याने काय केलं, सरकारी डॉक्टरने काय लिहिलं, काहीच माहीत नाही. उत्तर टाकावं तर कुठे टाकू, तो वाटेत असला तर? आणि वाटेत असला तर मनात तेच घेऊन येतो आहे, फाट्यावरून परत पाठवतील.

आत्याबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "फाट्यावर उतरल्यावर पयले काय दिसते त्याले?"

शाळा.

दुपारी त्याची जुनी पिशवी काढली. ब्रश कडक झालेला, पाण्यात भिजत घातला. गेरू कालवला. शाळेला कुलूप होतं, पण भिंत बाहेरच आहे. त्याच्या ओळीखाली, नव्या चुन्यावर, दोरी न धरता लिहिलं. ओळ घसरली. माझी कधी घसरत नाही. मुख्याध्यापक शाळा उघडली की बोलतील, गाव तर आजपासूनच हसेल. नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही आणि भिंतीवर हातभर लिहिलं आहे बाईने.

जेवणाआधी हात स्वच्छ धुवा.
किसन, घरी या.

अकोल्याची बस पावणेसहाला येते. ओट्यावर बादली भरून ठेवली आहे, साबण नवा काढला. सदरा घडी करून शेजारी. पाच वाजून गेले आहेत, आत्याबाई केव्हाच्या पदर खोचून फाट्याकडे निघाल्या. मीही जाते.